तात्यांना मी दिलेलं पदक

माझे वडील मिलिटरीत खेचरं सांभाळायचे. एवढं साधं वाक्य आहे. पण ते लिहायला मला पन्नाशी ओलांडावी लागली आणि तात्यांना मरावं लागलं. मेली ही जीभ एरवी कात्रीसारखी चालते. कडेगावात माझं ब्लाऊज शिवायचं दुकान आहे. तिथे येणाऱ्या बायका म्हणतात, हिच्या मशीनपेक्षा हिचं तोंड जास्त पळतं. आणि नेमकं जिथे बोलायचं होतं तिथे मी मिठाची गुळणी धरून बसले.

माझं माहेर उंब्रजजवळच्या एका गावात. तिथे घरटी एक माणूस मिलिटरीत असतो, आणि रिटायर होऊन आला की गाव त्याला एकच हाक मारतं, मेजर. शिपाई म्हणून भरती झाला आणि शिपाई म्हणूनच परत आला तरी मेजर. तात्या नायक होऊन परत आले होते, म्हणजे शिपायापेक्षा जेमतेम दोन पायऱ्या वर. पारावर कुणी "काय मेजर, ऊस कवा जाणार?" असं विचारलं की हे आधी म्हणणार, "मेजर न्हाई गड्या, नायक," आणि मग उसाचं उत्तर देणार. समोरचा हसून "बरं मेजर" म्हणायचा, की हे पुन्हा, "नायक." वर्षानुवर्षं हेच चाललं होतं. मला लहानपणी त्यांचा भयंकर राग यायचा. फुकटचा मान मिळतोय, तो गप घ्यायला काय होतं माणसाला?

तात्यांचं काम असं, की डोंगरात जिथे गाडीरस्ता संपतो तिथून वरच्या चौक्यांपर्यंत पीठ, डाळ, रॉकेल, दारूगोळा, सगळं खेचरांच्या पाठीवर लादून न्यायचं. बर्फात, पायवाटेनं, खेचराच्या दोरीला धरून. खेचराचा पाय घसरला की ते सामानासकट दरीत जातं, आणि दोरी वेळेत सोडली नाही तर माणूसही. हे मला आता कळतं. तेव्हा कळायचं ते एवढंच, की बाकीच्या पोरींचे वडील बंदूक चालवत होते आणि माझे वडील जनावर हाकत होते. जनावर तर आमच्या गावात कुणीही हाकतो! सुट्टीला आले की तात्या आमच्या बैलाशी हिंदीत बोलायचे. "चल बेटा, शाबाश बेटा." आई पदर तोंडाला लावून हसायची. म्हणायची, "बैलाला मराठी कळतंय हो."

मी सहावीत असताना गुरुजींनी तात्यांना पंधरा ऑगस्टला भाषणाला बोलावलं. मी पहिल्या रांगेत ऐटीत बसले होते. तात्या उभे राहिले आणि त्यांनी एका खेचराची गोष्ट सांगितली. ते कसं हट्टी होतं, कसं फक्त यांच्याच हातचं खायचं, आणि वादळात वाट चुकल्यावर त्यानेच यांना चौकीवर कसं पोचवलं. एका पोराने विचारलं, "मेजर, तुमी लढाईत काय केलं?" तात्या म्हणाले, "खेचरास्नी पाणी पाजलं." सगळी शाळा हसली. तात्याही हसले. त्यानंतर वर्षभर पोरी मला बघितलं की खिंकाळायच्या.

मी घरी येऊन पाय आपटले. "तुमी परत शाळेत यायचं न्हाई," असं तोंडावर सांगितलं. तात्या म्हणाले, "बरं." आणि खरंच परत आले नाहीत. सातवीत माझा नंबर आला तेव्हा बक्षीस घ्यायला माझ्याबरोबर आई आली.

मग माझं लग्न झालं. सासर कडेगावजवळ, घर उसाचं आणि फौजीचं. माझे सासरे पायदळातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. आमच्याकडे सासऱ्याला मामा म्हणतात, मीही मामाच म्हणते. भिंतीवर मामांचा वर्दीतला फोटो, खाली काचेत त्यांची पदकं. माझ्या थोरल्या जावेचे वडीलही मोठ्या हुद्द्यावर होते. बायकांत गप्पा निघाल्या की जाऊबाई म्हणायच्या, आमचे वडील अमुक लढाईत होते, तमुक ठिकाणी जखमी झाले. एकदा त्यांनी मला विचारलं, "तुझे वडील कुठं होते गं?" मी म्हटलं, "बॉर्डरवर. लढाईत." झालं. एकदा थाप मारली की तिला जेवू घालावं लागतं. नवऱ्याला तेच सांगितलं, पुढे पोरांनाही तेच सांगितलं. मामा कधी त्या गप्पांत पडायचे नाहीत, म्हणून त्यांनाही हेच ठाऊक आहे असं मी धरून चालले.

तात्या वर्षातून दोन-तीनदा यायचे. कराडला गाडी बदलून, हातात पिशवी, पिशवीत शेंगा नाहीतर काकवी. लेकीच्या घरी रिकाम्या हाताने जायचं नाही आणि व्याह्याच्या बरोबरीने बसायचं नाही, या जुन्या चालीचा माणूस. मामा खुर्ची ओढून द्यायचे, तरी हे जोत्यावर बसायचे. दोघं म्हातारे मग तास तास बोलत. काय बोलत ते मी कधी ऐकायला गेले नाही. ऐकलं असतं तर पुढचं सगळं टळलं असतं.

जाऊबाईंच्या वडिलांची पंच्याहत्तरी झाली तेव्हा चौकात एवढा मोठा फ्लेक्स लागला होता. जाऊबाई महिनाभर हवेत होत्या. मी तेव्हाच मनात गाठ मारली. पुढच्या वर्षी तात्यांना पंच्याहत्तरावं लागलं. आई गेलेली, मला भाऊ नाही, तेव्हा सोहळा मीच करायचा, आणि सासरच्याच गावात करायचा. तात्या फोनवर म्हणाले, "पोरी, लेकीच्या घरी बापाचा सत्कार बरा दिसतोय का?" मी म्हटलं, "तुमी नुसतं या, बाकी माझं मी बघते." बघितलं बरं मी!

फ्लेक्सवाल्याला मी तात्यांचा टोपीतला फोटो दिला. तो म्हणाला, "काकी, फोटो लय साधा हाय. मिलिटरीची बॉडी जोडू का?" म्हटलं, जोड. त्याने कॉम्प्युटरवर वर्दीतलं एक धड काढलं, छातीवर पदकांच्या रांगा, मागे रणगाडा, त्यावर तिरंगा. त्या धडावर माझ्या बापाचं डोकं बसवलं. धड कुणाचं होतं देव जाणे. मग म्हणाला, "मेडलं एवढी हायती, खाली काय लिवू?" मी क्षणभरही थांबले नाही. म्हटलं, "लिही. शौर्यपदक विजेते, मेजर." जिभेला हाड नसतं म्हणतात, माझ्या जिभेला लाजही नव्हती.

सोहळ्याच्या दिवशी सकाळी मी तात्यांना आणायला चौकात गेले. एसटीतून उतरून ते फ्लेक्सच्या खाली उभे होते, मान वर करून. पिशवी खाली ठेवलेली.

"ह्यो कोण?" त्यांनी विचारलं.

"तुमी की. दुसरं कोण?"

"आन हे छातीवर?"

"आवं तात्या, समदेच टाकतात. शोभेला असतंय ते."

"शोभेला?" ते म्हणाले. त्यांनी खालची ओळ वाचली. ओठ हलवत, सावकाश. "काढाय सांग पोरी. हे असलं करत न्हाईत. हे मिळवलेल्या माणसाचं हाय."

मी चिडले. होय, चिडले. म्हटलं, "आता कसं काढायचं? गावानं बघितलंय. जाऊबाई काय म्हणतील? माझी लाज घालवायचीय का तुमाला?" तात्यांनी फ्लेक्सकडे पाठ केली. मग पिशवी उचलली आणि म्हणाले, "बरं."

मांडव घातला होता. गुळाची तुला केली, एका पारड्यात तात्या आणि दुसऱ्यात गुळाच्या ढेपा. ताटात पंच्याहत्तर दिवे लावून ओवाळलं. मी नऊवारी नेसून इकडून तिकडे मिरवत होते. तात्या पारड्यात असे बसले होते, जसं काही कुणी त्यांना तिथे पकडून आणलंय. मग मामांनी माईक हातात घेतला. मामा फार बोलणारे नाहीत, पण त्या दिवशी बोलले.

"व्याही," ते म्हणाले, "मी पायदळात एवढी वर्सं काढली, पर असलं पदक माज्या नशिबात न्हवतं. आन तुमी एवढ्या वर्सांत एका शब्दानं बोलला न्हाईसा! कुठं मिळालं, आज सांगा की लोकास्नी."

माईक तात्यांच्या हातात आला. त्यांनी लोकांकडे बघितलंच नाही. माझ्याकडे बघितलं. माझ्या बापाने मला भर मांडवात नजरेने विचारलं, काय करू? मी मान हलवली असती तर त्यांनी खरं सांगून टाकलं असतं, आणि जे व्हायचं ते झालं असतं. फार तर जाऊबाई चार दिवस हसल्या असत्या, हसतील त्यांचे दात दिसतील. पण मी डोळ्यांनी त्यांच्या पाया पडले. नको, तात्या, नको.

"डोंगरात मिळालं," तात्या म्हणाले. "जुनी गोष्ट हाय."

टाळ्या वाजल्या. मामा ओसरीच्या पायरीवरून खाली उतरले, तात्यांसमोर ताठ उभे राहिले आणि त्यांनी सॅल्यूट ठोकला. सुभेदाराने नायकाला. अख्खा मांडव उठून उभा राहिला. तात्यांचा हात सवयीने वर गेला, अर्ध्यावर थांबला, आणि मग त्यांनी नुसते हात जोडले. मी जाऊबाईंकडे बघत होते. त्यांचं तोंड उतरलं होतं आणि मला, सांगायलाही जीभ जड होते, आनंद झाला होता.

तात्या जेवले नाहीत. पित्त झालंय म्हणाले. मुक्कामाला राहणार होते, ते संध्याकाळच्या गाडीने गेले.

त्यानंतर ते माझ्या घरी आले नाहीत. निदान मला तरी तसंच वाटत होतं. दिवाळीला बोलावलं तर उसाला पाणी आहे, यात्रेला बोलावलं तर गुडघा दुखतोय. सोहळ्याचे फोटो मोबाईलवरून माहेरच्या गावातही पोचले होते. चुलतभाऊ एकदा फोनवर म्हणाला, "तात्या आता लय मवाळ झाल्यात गं. कुणी मेजर म्हणलं तरी काय बोलत न्हाईत, ऐकून घेत्यात." तो हे कौतुकाने सांगत होता. मी फोन ठेवला आणि अर्धवट शिवलेला ब्लाऊज घेऊन नुसती बसून राहिले. ज्या माणसाने आयुष्यभर फुकटचा एक हुद्दा घेतला नाही, त्याला आता 'नायक' म्हणायचीही सोय राहिली नव्हती. नाही म्हणावं तर पोरगी उघडी पडते.

तेव्हाच मी जाऊन पाय धरायला हवे होते. कराडची गाडी दर तासाला असते. पण मी काय केलं? मी स्वतःची समजूत घातली. म्हातारपणी माणसं हळवी होतात, होईल ठीक. आणि बाहेर त्या पदकाची गोष्ट सांगतच राहिले. बचत गटात, हळदीकुंकवाला, दुकानात. चोराच्या मनात चांदणं, म्हणून जास्तच रंगवून सांगायचे. घरी पाहुणे आले आणि मी सुरुवात केली की मामा उठून गोठ्याकडे जायचे. मला वाटायचं, कान कमी झालेत, गप्पांत मन रमत नाही त्यांचं. तो फ्लेक्स तोवर चौकातून उतरवून आम्ही कडब्याच्या गंजीवर टाकला होता. आमच्याकडे जुन्या फ्लेक्सचं तेच होतं, पावसाला चांगले. एक दिवस बघते तर मामांनी तो काढून तिथे ताडपत्री बांधली होती. विचारलं तर म्हणाले, "फाटला हुता."

तो फाटला नव्हता, मी बघितलं होतं. पण पुढे विचारलं नाही.

मग तात्यांची किडनी गेली. मिरजेला दवाखान्यात ठेवलं आणि मी जवळ राहिले. आमच्या बाजूला जगण्याची शेवटची आशा मिरजेलाच असते. तिथे मी बापाची सेवा केली, यात खोटं नाही. अंग पुसलं, भरवलं, पाय चेपले. गुन्हेगार माणूस चाकरी फार मन लावून करतो. एका दुपारी बाकीचे पेशंट झोपले होते. तात्या बराच वेळ माझ्याकडे बघत होते. म्हणाले, "पोरी, तुला काय बोलायचं हाय का?"

मला कळलं. कळलं नाही असं म्हणाले तर ती दुसरी थाप होईल. घशापर्यंत आलं होतं सगळं. पण मी म्हटलं, "काय बोलायचंय? पेज निवतीया, दोन घास खावा बघू."

तात्यांनी तोंड उघडलं आणि पेज खाल्ली. त्यानंतर चार दिवसांनी ते गेले. गावच्या माजी सैनिकांनी खांदा दिला, कुणीतरी हारावर कार्ड लावलं, 'शूरवीर मेजर'. मी ते काढलं नाही. सगळ्यांसमोर कशी काढणार? तेव्हाही तेच, सगळ्यांसमोर.

जानेवारीत आमच्या शाळेतले मास्तर घरी आले. सव्वीस जानेवारीला गावच्या आणि पाहुण्यारावळ्यांतल्या फौजी माणसांची पदकं पोरांना दाखवायची होती. मामांची पदकं काचेतून काढून दिली. मास्तर म्हणाले, "सुभेदार साहेब, तुमच्या व्याह्यांचं शौर्यपदक पण द्या की. पोरांना बघू दे." मामा माझ्याकडे न बघता म्हणाले, "त्यांच्या लेकीला इचारा." मी म्हटलं, "माहेरी पेटीत असंल. बघून सांगते." पट्‌कन, सवयीने. मास्तर चहा पिऊन गेले.

मी ओसरीवर उभी राहिले आणि मला माझीच किळस आली. बाप मेला, त्याच्या पेटीत त्याच्या खेचराच्या गळ्यातली चामड्याची एक पट्टी आणि दोन सदरे एवढंच होतं, मी स्वतः उघडून बघितली होती. आणि अजून मी त्यातून पदक काढून द्यायला निघाले होते. मामा गोठ्यात वैरण टाकत होते. मी तशीच गेले आणि म्हटलं, "मामा, पदक न्हाई. कधी नव्हतंच. तात्या खेचरं सांभाळायचे. ते फ्लेक्सवरचं सगळं मी केलं."

मामांनी हातातली पेंढी खाली ठेवली. रागावले नाहीत. मला वाटलं होतं हाकलून देतील.

"खेचरांचं मला तुजं लगीन ठरलं तवापासनं ठावं हाय," ते म्हणाले. "दोन फौजी भेटल्यावर आदी कोण कुठं हुता हेच इचारत्यात. आगं, आमी वर चौकीत असताना खेचरं आली न्हाईत तर चूल पेटायची न्हाई. त्येच्यात लपवायचं काय हुतं पोरी?"

"आन पदकाचं?"

"ते त्येंनी सोता येऊन सांगितलं." मामा दावणीच्या दगडावर बसले. "सोहळ्यानंतर थोड्या दिसांनी. तू दुकानात गेलतीस. दारात हुबं ऱ्हायले, बसा म्हणलं तर बसले न्हाईत. मला व्याही न्हाई म्हणाले, साहेब म्हणाले. 'सुभेदार साहेब, तुमचा सॅल्यूट माज्याकडं ऱ्हायलाय. माजा न्हाई तो. परत द्यायला आलोय.' मी लय समजावलं. पाणीसुदिक घेतलं न्हाई."

मी तिथेच शेणात बसले.

"मग मला का नाही बोललात मामा? मी एवढी सगळीकडं सांगत फिरले. तुमच्या देखत."

"शब्द घेतला हुता त्येंनी. म्हणले, पोरीला कळू देऊ नगा, तिला ह्या घरात तोंड दाखवाय जागा ऱ्हायची न्हाई. मी म्हणलं, आवं पर ती थांबंना झालीया. तर म्हणले, ऱ्हाऊ दे. ती एक ना एक दिस सोता हून तुमास्नी सांगंल. माजी पोरगी हाय."

मामांनी पेंढी सोडून म्हशीपुढे टाकली. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "म्हयन्या-दोन म्हयन्यानं फोन यायचा त्येंचा. उसाचं, पावसाचं बोलायचे आन मग इचारायचे, काय बोलली का पोरगी? मिरजेला न्यायच्या आदल्या दिशीबी इचारलं हुतं."

"मग तुमी काय सांगायचा?"

"काय सांगणार?" मामा म्हणाले. "अजून न्हाई, म्हणायचो."